आघात कुठे, हे विचारण्याआधी

प्रिय अभ्यासका,

मराठीतल्या शब्दाघातावरचा, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर पडणाऱ्या जोरावरचा, तुझा अभ्यासाचा आराखडा वाचला. त्यातला पहिला प्रश्न आहे, ‘आघात कोणत्या अक्षरावर पडतो?’ त्याच्याही आधी एक प्रश्न घाल: पडतो का?

इंडोनेशियन भाषेचं उदाहरण बघ. तिच्यात आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर पडतो, असं जुनी वर्णनं सांगत आली. पुढे ध्वनितज्ज्ञांनी श्रवणचाचण्या घेतल्या. आघात इकडचा तिकडे केला तरी जावानीज मातृभाषेच्या श्रोत्यांना फारसं काही खटकेना; तोबा बाताक या तिथल्याच दुसऱ्या भाषेच्या श्रोत्यांना मात्र खटकत होतं. इंग्रजीत आघात हलला की नामाचं क्रियापद होतं, तशा जोड्या मराठीत हाताशी नाहीत. म्हणून इथे नुसत्या कानावर भिस्त ठेवू नकोस.

भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी 1968 साली हिंदीसाठी मांडलेला नियम तू मराठीला लावून पाहिला आहेस. कल्पना चांगली आहे. अक्षरांचे तीन भार (स्वर ऱ्हस्व की दीर्घ आणि त्याला पुढे व्यंजन जोडलंय का, यावरून), सर्वांत जड अक्षरावर आघात, बरोबरी झाली तर शेवटचं सोडून सर्वांत उजवीकडचं. म्हणून ‘समिति’त ‘मि’वर. पण तू भार मोजलास तो लेखनावरून, आणि सगळा घोळ तिथेच झाला. ‘करवत’ कागदावर चार अक्षरी, तोंडात दोन अक्षरी: कर-वत. ‘कवी’तला शेवटचा ‘वी’ दीर्घ आहे तो शुद्धलेखनाच्या नियमामुळे. वृत्तातले लघु-गुरू इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. पूर्ण यादी उच्चाराप्रमाणे पुन्हा फोड.

यादीत ‘वजिराला’ आणि ‘शरीराला’ ही जोडी नक्की घे. पहिला शब्द तत्सम नाही, म्हणून सामान्यरूपात ऱ्हस्व लिहितात. दुसरा तत्सम, म्हणून दीर्घच राहतो. कागदावर फरक आहे, तोंडात आहे का? दोन्हीकडे त्या इकारापुढे ‘रा’च येतो, त्यामुळे तुलना बरीच स्वच्छ होते. मात्र छापील शब्द वाचायला देऊ नकोस. डोळा जे बघतो तेच जीभ म्हणते. बुद्धिबळातल्या वजिराचं चित्र दाखव आणि विचार, ‘ताईनं उंटाला जपलं का?’ उत्तर येईल: ‘नाही, ताईनं वजिराला जपलं.’ मग विचार, ‘आईनं वजिराला जपलं का?’ पुन्हा ‘नाही, ताईनं वजिराला जपलं.’ शब्द तेच, पण पहिल्यात जोर वजिरावर, दुसऱ्यात ताईवर. ‘शरीराला’साठीही असेच दोन प्रश्न कर. (‘ताईनं कशाला जपलं?’ असं विचारू नकोस. बोलणारी व्यक्ती कारण सांगत बसेल.)

सुटे शब्द म्हणवून घेतले की प्रत्येक शब्द स्वतःच एक वाक्य होतो. वाक्याचा सूर त्याच्यावर चढतो, शेवटचं अक्षर लांबतं, आणि आपण त्यालाच शब्दाघात समजून बसतो. एखादं अक्षर फक्त जोराच्या वाक्यात उठून दिसत असेल तर ते वाक्याचं देणं. जोर नसतानाही तेच अक्षर लांब राहिलं, तरच शब्दाघाताचा विचार कर.

24 शब्द, 2 वाक्यं, 3 वेळा: एका व्यक्तीमागे 144 उच्चार. एकाच भागातल्या 8 व्यक्ती घे, म्हणजे 1152. क्रम दर फेरीत बदल. तोंडापासून माइकचं अंतर शेवटपर्यंत तेच राहू दे, नाहीतर तीव्रतेचे आकडे फुकट. वेव्ह फाइल, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. व्हॉट्सअॅपवरचे आवाज चालणार नाहीत.

इंग्रजीत आघात ऐकू येण्यावर तीव्रतेपेक्षा स्वराचा कालावधी जास्त परिणाम करतो, हे ध्वनितज्ज्ञ डेनिस फ्राय यांनी 1955 मध्येच दाखवलं. मराठीत कालावधीलाही जपून हात लाव, कारण ‘आ’ मुळातच ‘इ’पेक्षा लांब आणि मोठा असतो. ‘आ’ची तुलना ‘आ’शीच. ‘मामाला’ हा शब्द त्यासाठी उत्तम: पहिले दोन ‘मा’ शेजारी-शेजारी, आणि ‘म’ची सीमा आलेखात स्पष्ट दिसते. ‘य’ आणि ‘व’च्या कडा धूसर असतात, तिथे कात्री मनमानी चालते.

सुराचं मापन ‘प्रात’ या ध्वनिविश्लेषणाच्या संगणकप्रणालीत करताना पुरुषांसाठी 75 ते 300 हर्ट्झ, स्त्रियांसाठी 100 ते 500 अशी मर्यादा ठेव. वाक्याच्या शेवटी आवाज किरकिरा झाला की प्रणाली निम्मा आकडा दाखवते, तेवढे उच्चार डोळ्यांनी तपास. भ, घ, ध यांच्यापुढच्या स्वराचा सूर आपोआप खाली येतो. ती आघाताची गैरहजेरी नव्हे. यादीतून महाप्राण घोष व्यंजनं शक्य तितकी वगळ.

पहिल्या दोन व्यक्तींचं ध्वनिमुद्रण झालं की थांब आणि मोजमापं पाठव. यादीत चूक असेल तर ती तेवढ्यावर कळते, आणि पुढच्या सहा जणांना परत बोलवावं लागत नाही.