नोंदणीकृत, विनियमित आणि ‘विनिमयित’

पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. एका पतसंस्थेच्या माहितीपत्रकावर ‘शासन नोंदणीकृत’ असं छापलंय. एका सहकारी बँकेच्या पत्रकावर एका ठिकाणी ‘रिझर्व्ह बँकेद्वारे विनियमित’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘विनिमयित’. हे सगळं एकच का, आणि निवृत्तीचे पैसे ठेवताना या शब्दांकडे बघावं का?

बाई, जरूर बघावं.

आधी सोपं उरकतो. विनिमय म्हणजे अदलाबदल. वस्तुविनिमय, विचारविनिमय, परकीय चलनाचा विनिमय यांतला शब्द तो हाच. विनियमनाशी त्याचं नातं नाही. विनियमनाच्या मुळाशी ‘यम्’ धातू आहे: आवरणं, ताब्यात ठेवणं. नियम, संयम, नियंत्रण, नियामक ही सगळी त्याच घरातली माणसं. संस्कृतात सारथ्याला ‘यंता’ म्हणतात, कारण लगाम त्याच्या हातात असतो. तेव्हा ‘विनियमित’ म्हणजे जिचा लगाम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे ती संस्था. तो कोणाच्या हातात, हे पुढे लिहिलेलं असलं तरच शब्दाला अर्थ.

आता ‘नोंदणीकृत’. माझं मन या शब्दापाशी अडकतं, त्याला कारण आहे. माझ्या आत्याची ठेव पावती मी रविवार कारंज्यावरच्या तिच्या घरी हातात घेऊन पाहिली होती. वर लाल ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’, कोपऱ्यात नोंदणी क्रमांक, खाली गोल शिक्का. आत्या त्या लाल शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “सरकारनं मान्य केलंय म्हणजे पैसे सरकार देईल ना रे?” तोवर त्या पतसंस्थेवर अवसायक येऊन आठ महिने झाले होते. अवसायक म्हणजे संस्थेचं येणं वसूल करून, देणं भागवून ती गुंडाळणारा अधिकारी. हा शब्द आत्यानं पहिल्यांदा ऐकला तो पैसे अडकल्यावर.

नोंदणी करणारा अधिकारी म्हणजे निबंधक. तुम्ही वर्गात मुलांकडून लिहून घेतलेला निबंध आणि हा निबंधक, दोघांत एकच ‘बंध्’ धातू आहे: बांधणं. निबंधक संस्थेला कागदावर बांधतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली पतसंस्था नोंदवली जाते, तशीच दूध सोसायटी, मजूर सोसायटी आणि गृहनिर्माण सोसायटीही. म्हणजे तुमची इमारतसुद्धा ‘शासन नोंदणीकृत’ असेल. तिच्या भरवशावर कोणी आयुष्याची पुंजी ठेवत नाही.

पतसंस्थेवर कोणाचंच लक्ष नसतं, असं मात्र समजू नका. सहकार खातं आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं, कारभार बिघडला तर प्रशासक नेमता येतो, आणि कितीतरी पतसंस्था उत्तम चालतात. पण तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि तिच्यातल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा नसतो. ‘नोंदणीकृत’ या शब्दात ही दोन्ही वाक्यं दिसत नाहीत, आणि पत्रक लिहिणाऱ्याला ती दाखवायची गरजही वाटत नाही. पत्रक ठेवी गोळा करायला लिहिलेलं असतं.

सहकारी बँकेचीही आधी नोंदणीच होते, पण त्यावर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ हा सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू आहे. शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यातलं कलम ७ मुद्दाम पाहावं. ते ‘बँक’ या शब्दावरच पहारा ठेवतं: परवान्याशिवाय हा शब्द नावात लावून व्यवसाय करायचा नाही. ही बंदी सहकारी संस्थांनाही लागू आहे. तरी काही संस्था तो लावतातच, म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून लोकांना सावध करावं लागलं.

बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याचा आकडाही नीट समजून घ्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख रुपये आहे; त्याआधी १९९३ पासून ती १ लाख होती. ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. पंचवटी शाखेत ३ लाख आणि त्याच बँकेच्या सिडको शाखेत ३ लाख, दोन्ही तुमच्या एकटीच्या नावावर असतील, तर विमा ६ लाखांना नाही, ५ लाखांनाच. शाखा वेगळी म्हणजे बँक वेगळी नव्हे, हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही.

मराठीत छापायचंच तर ‘विनियमित’पेक्षा ‘रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली, तिच्या देखरेखीखालची’ असं छापावं. लांब आहे, पण आत्याला कळलं असतं. काउंटरवर तुम्हीही याच बोलीत विचारा: परवाना कोणाचा? ठेवीला विमा आहे का? ‘शासनमान्य आहे, काळजी नको’ हे यातल्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नव्हे.

‘विनिमयित’ हा तर निव्वळ मुद्रणदोष आहे, ‘य’ आणि ‘म’ यांची जागा उलटसुलट झाली आहे. शाखेत गेलात की पत्रकावर लाल पेनानं दुरुस्ती करून द्या.