परसातल्या कोंबड्यांसाठी अंडी घालायची खोकी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कसबा बावडा): परसात 12 गावरान कोंबड्या आहेत. खुराडं सोडून सरपणाच्या ढिगात अंडी घालतात. खोकी घरीच करायची आहेत. किती आणि केवढी?

उत्तर: कोंबडी अंडं घालायला अंधारी, कोरडी आणि पाठीमागून बंद जागा शोधते. सरपणाचा ढीग तिला नेमकं तेच देतो, म्हणून खोकंही तसंच हवं. चार कोंबड्यांना एक याप्रमाणे तीन खोकी भरपूर झाली. जास्त केली तरी सगळ्या एकाच खोक्यापुढे रांग लावतात.

आतून 12 इंच रुंद, 12 इंच खोल अशी तीन खोकी एकाला एक जोडून करा. पाण्याला टिकणारा 12 मिमी जाडीचा 8 बाय 4 फुटांचा एक प्लायवूड शीट छपरासकट पुरतो. तळ 38 बाय 12 इंच, मागची फळी 38 बाय 26½, पुढची पट्टी 38 बाय 4½, छप्पर 40 बाय 19. उभ्या फळ्या चार लागतात, प्रत्येक 12 इंच रुंद, पुढून 14 आणि मागून 26 इंच उंच. त्यासाठी 12 बाय 40 चे दोन तुकडे घ्या आणि प्रत्येक तिरका कापा, म्हणजे एकातून दोन फळ्या निघतात आणि काहीच वाया जात नाही. छप्पर एवढं उतरतं ठेवायचं कारण सपाट असलं की कोंबड्या रात्री त्यावर बसतात आणि सगळं घाण करतात. पुढची पट्टी विसरू नका. तीच अंडं आणि पिंजर (अंथरलेला भाताचा पेंढा) आत धरून ठेवते.

खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, धुवायला खोकं सुटं करता येतं. कडेच्या फळ्यांना वरच्या बाजूला अर्ध्या इंचाची दोन-तीन भोकं पाडा. खोकी जमिनीपासून दीड फुटावर, दाराकडे तोंड न करता, खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात बसवा. पुढे सहा इंचांवर उतरायला दोन इंच रुंद पट्टी द्या. सुरुवातीला प्रत्येक खोक्यात अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा ठेवा आणि सरपणाचा ढीग झाकून टाका. गिरिराजसारख्या अंगानं मोठ्या कोंबड्यांना 14 इंचांचं खोकं लागतं, मग शीटचा हा हिशेब बदलतो.

प्रश्न (गगनबावडा): पावसाळ्यात खोक्यातलं पिंजर कुजतं, अंडी मळतात. पाचट चालेल का?

उत्तर: उसाचं अख्खं पाचट नको, पात्याच्या कडा धारदार असतात. तुमच्याकडच्या पावसात भाताचं तूस किंवा रंध्याच्या छिलक्या उत्तम, थर तीन इंच. बारीक लाकडी भुसा टाळा, त्याची धूळ श्वासात जाते. बुरशी आलेलं पिंजर तर वाळवूनसुद्धा वापरू नका. ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात शिरते आणि मग ती धापा टाकू लागते. ओला भाग रोज काढा, सगळा थर आठवड्यानं बदला. त्याच वेळी फटी तपासा: लाल उवा दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात. फटींना चुना फासा.

मळलेलं अंडं कोरड्या फडक्यानं पुसा. गार पाण्यात बुडवलं तर कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते.

प्रश्न (कागल): कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि अलीकडे अंडी फोडून खायला लागल्यात.

उत्तर: झोपण्याचा दांडा खोक्यापेक्षा खाली असणार. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा धरते, म्हणून दांडा तीन फुटांवर न्या. आठवडाभर संध्याकाळी खोक्याचं तोंड फळीनं बंद करा आणि पहाटे उघडा.

अंडी खाण्याची सवय बहुधा फुटलेल्या अंड्यापासून लागते: थर पातळ, कवच पातळ किंवा खोक्यात अंडी साठलेली. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा आणि अंडी सकाळी दहाला व दुपारी अशी दोनदा उचला. खोक्यापुढे गोणपाट अर्ध्यावर सोडा, अंधारात अंडं दिसलं नाही की टोच मारली जात नाही.

खोक्यात एखादी खुडूक (अंडी उबवायला ठाण मांडलेली कोंबडी) बसली असेल तर तिला आधी हलवा. पिल्लं हवी असतील तर वेगळ्या डालग्यात अंड्यांवर बसवा, 21 दिवस लागतात. नको असतील तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी नेहमीसारखं द्या. पोटाखाली गार वारा लागला की बहुतेकींची खुडूक मोडते.