मांजर लिटर बॉक्सबाहेर शू करतंय? आधी एवढं करा

सगळ्यात आधी व्हेट. मूत्राशयाची सूज, खडे, मधुमेह, म्हाताऱ्या मांजराची सांधेदुखी, काहीही असू शकतं. लघवी तपासून घ्या. बोका पुन्हा पुन्हा बसून जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

तब्येत ठीक निघाली की बॉक्सकडे बघा:

- मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन बॉक्स मांजराच्या लेखी एकच.
- बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अंतराच्या दीडपट. विकतचे बरेचसे लहान पडतात; प्लास्टिकचा मोठा डबा एका बाजूने खाली कापला तरी उत्तम.
- बिनवासाचं, बारीक, गोळे होणारं लिटर (बॉक्समध्ये भरायची वाळूसारखी माती), 5 ते 7 सेंमीचा थर. रोज उपसा.

डागावर फिनेल नको, ते मांजराला विषारी असतं. एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळातून काढणारं द्रावण) भरपूर ओता, 10-15 मिनिटं मुरू द्या, मग टिपून घ्या. गादीत शू जितकी खोल गेली तितकाच क्लीनर खोल जायला हवा, नाहीतर वास राहतो आणि मांजर तिथेच परत येतं.

ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. बिचारं घाबरतं आणि पलंगाखाली लपून शू करायला लागतं.

उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल आणि नसबंदी झाली नसेल, तर आधी ती करून घ्या.