वाचकांचे प्रश्न : आरोप ठेवले गेले, अटक होईल का?

प्रश्न : आम्ही काही मित्र जागतिक घडामोडींविषयीची भाकिते टक्केवारीत लिहून ठेवतो आणि वर्षअखेरीस ती पडताळून पाहतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आरोप ठेवलेल्या नेत्यांच्या अटकेबाबत माझे अंदाज सतत चुकतात. पुरावे भक्कम दिसले की मी सत्तर-ऐंशी टक्के लिहितो आणि वर्ष सरले तरी अटक होत नाही. माझे कोठे चुकते?

उत्तर : आपण पुराव्याचे वजन करता. खटल्याचा निकाल काय लागेल हे ठरवताना ते उपयोगी पडेल, पण अटकेचे भाकीत करताना पाहायचे ते वेगळे. अटक होण्यासाठी त्या माणसापर्यंत पोहोचू शकणारे पोलीस लागतात आणि त्यांना तसा हुकूम देण्याची तयारी असलेले सरकार लागते. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे स्वतःचे पोलीसदल नाही. त्याच्या वॉरंटाची अंमलबजावणी सदस्य देशांनी करायची असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : हा माणूस आज कोणाच्या हद्दीत आहे आणि त्याला हाती देण्यात किंवा न देण्यात तेथील सत्ताधाऱ्यांचा काय स्वार्थ आहे?

सुदानचे ओमर अल-बशीर यांच्यावर २००९ आणि २०१० मध्ये वॉरंटे निघाली. जून २०१५ मध्ये ते जोहान्सबर्गला शिखर परिषदेसाठी आले असताना त्यांना देश सोडू देऊ नये, असा आदेश तेथील न्यायालयाने दिला होता. तरीही ते विमानाने सुखरूप परतले. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्याच सैन्याने त्यांना पदच्युत केले, तेव्हा कोठे ते गजाआड गेले, आणि तेही सुदानमध्येच. सर्बियाचे स्लोबोदान मिलोशेविच यांच्यावर मे १९९९ मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी हेगमध्येच नेमलेल्या वेगळ्या न्यायाधिकरणाने आरोप ठेवले. ऑक्टोबर २००० मध्ये सत्ता गेली, १ एप्रिल २००१ रोजी अटक झाली आणि त्याच वर्षी २८ जूनला त्यांची हेगला रवानगी झाली. त्यांच्या अटकेमागे अमेरिकी मदतीला जोडलेल्या अटीचाही दबाव होता. फिलिपिन्सचे रॉड्रिगो दुतेर्ते यांचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. त्यांचा देश २०१९ मध्येच न्यायालयाच्या सदस्यत्वातून बाहेर पडला होता, त्यामुळे केवळ कायद्याची कलमे वाचणाऱ्याने अटकेची शक्यता नगण्य मानली असती. पण ते आता सत्तेवर नव्हते आणि राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या घराण्याशी असलेली दुतेर्ते घराण्याची युती पुरती फाटली होती. ७ मार्च २०२५ रोजी वॉरंट निघाले आणि ११ मार्चला मनिलाच्या विमानतळावर ते ताब्यात घेतले गेले.

पदावर असलेला एकही राष्ट्रप्रमुख या न्यायालयाच्या वॉरंटावरून आजवर अटकेत गेलेला नाही. त्यामुळे नेता सत्तेवर असेल आणि मुदत एका वर्षाची असेल, तर मी पाच टक्क्यांच्या खालूनच सुरुवात करीन आणि सरकार बदलणे, सुरक्षादलाने साथ सोडणे, पाठीराख्यांत उभी फूट पडणे अशा घटना दिसल्या तरच आकडा वर नेईन. नेता सदस्य देशात जाणार असल्याची बातमी आली, तरी आकडा थोडाच हलवावा. याच न्यायालयाचे वॉरंट निघालेले रशियाचे व्लादिमीर पुतिन सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेले; मंगोलिया सदस्य देश असूनही अटक झाली नाही.

आता मुदतीविषयी. पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले होते आणि अखेरीस त्यांपैकी एकही फरारी उरला नाही. पण बोस्नियातील सर्ब सैन्याचे सेनापती रातको म्लादिच यांच्यावर १९९५ मध्ये ठेवलेल्या आरोपांनंतर अटकेला मे २०११ उजाडले. या काळात दर वर्षी ‘यंदा अटक होईल’ असे लिहिणारा पंधरा वेळा चुकला असता, आणि ‘कधीच होणार नाही’ असे म्हणणारा पंधरा वर्षे बरोबर ठरून शेवटी सपशेल चुकला असता. ‘या वर्षी’ आणि ‘कधी ना कधी’ ही दोन भाकिते आपण वहीत वेगळी लिहावीत. बोस्नियातील स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये म्लादिच यांच्या सैन्याकडून सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्या आयांनी ही सारी वर्षे वाट पाहिली. वर्षाच्या रकान्यात तीन टक्के लिहिताना त्यांच्या आठवणीने हात अडखळतो, हे मी जाणतो. तरीही तेथे तीनच लिहावेत, कारण आपल्याला काय व्हावेसे वाटते, त्याची नोंद त्या रकान्यात करायची नसते.

प्रश्न : नेत्यावरचा खटला त्याच्याच देशात चालू असेल, तर हेच निकष लावावेत का?

उत्तर : नाही. तेथे पोलीस आणि न्यायालय एकाच राज्यव्यवस्थेचे असतात, त्यामुळे अडचण पोहोचण्याची नसून बहुधा गरजेची असते. आरोपी बोलावल्यावर हजर राहत असेल, तर अनेक देशांत त्याला कोठडीत घालण्याचे कारणच उरत नाही. इस्रायलमध्ये बिन्यामिन नेतान्याहू यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला मे २०२० मध्ये, ते पंतप्रधान असतानाच, सुरू झाला आणि तो त्यांना अटक न करता चालला.

भाकीत लिहिण्यापूर्वी ‘अटक’ या शब्दाची व्याख्या मात्र ठरवून घ्यावी. एप्रिल २०२३ मध्ये डोनाल्ड ट्रम्प न्यूयॉर्कच्या न्यायालयात स्वतः हजर झाले, त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले आणि त्याच दिवशी ते घरी गेले. कायद्याच्या भाषेत ते काही काळ ताब्यात होते, पण बेड्यांची वाट पाहणाऱ्याला ही अटक वाटली नसेल. दक्षिण कोरियाचे यून सुक-योल यांच्या बाबतीत क्रमच उलटा होता : ३ जानेवारी २०२५ चा पहिला प्रयत्न राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षारक्षकांनी हाणून पाडला, १५ जानेवारीला ते ताब्यात आले, १९ जानेवारीला न्यायालयाने रीतसर अटकेचे वॉरंट दिले आणि आरोपपत्र २६ जानेवारीला दाखल झाले. ‘आरोपपत्रानंतर अटक’ असा प्रश्न आपण लिहिला असता, तर या प्रकरणाचा निकाल ‘हो’ मानायचा की ‘नाही’, यावरच आपल्या मित्रांत वाद झाला असता.