मुंबईकराला पहिलंच सहा हजारी शिखर, लडाखचं कांग यात्से-२, जुलैमध्ये जमेल का?

जमेल, पण सुट्टी सढळ हाताने टाका. शिखर सुमारे ६२५० मीटर. वाट फारशी तांत्रिक नाही, खरी परीक्षा उंचीची. विमानाने लेहला म्हणजे एकदम ३५०० मीटरवर उतराल, तेव्हा पहिले दोन दिवस आराम. पुढे मुक्कामाची उंची रोज ३००-५०० मीटरच वाढवा. डोकं दुखत असेल तर वर सरकायचं नाही, मग ग्रुप काहीही म्हणो.

शिखरासाठी मध्यरात्रीच निघा. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, क्रॅम्पॉनखाली (बुटाच्या तळाला बांधायच्या धातूच्या काट्यांखाली) त्याचे गोळे चिकटतात आणि पाय सटकतो. आइस-अ‍ॅक्सच्या (बर्फातल्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून ते पाडत राहा.

सरावाला पाठीवर दहा किलो घेऊन कळसूबाई करा. विरळ हवेची सवय तिथे होणार नाही, गुडघे मात्र तयार होतील.