बोटावरचं यंत्र ९८ दाखवतं, मग रक्त कशाला?

प्रश्न : थंडीपायी सासूबाई दार लावून कोळशाची शेगडी खाटेजवळ घेऊन निजल्या. पहाटे डोकं ठणकत होतं, उलट्या, बोलणं असंबद्ध. बोटावरचं यंत्र ९८ दाखवत होतं, तरी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून रक्त पाठवलं. का?
— एक सून, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : ताई, डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या यंत्राला या दोन वायूंतला फरकच कळत नाही. खरं प्रमाण को-ऑक्सिमीटरवरच, म्हणजे रक्ताच्या नमुन्यात हा वायू वेगळा मोजणाऱ्या यंत्रावरच समजतं. त्याला शिरेतलं रक्त चालतं, म्हाताऱ्या माणसाच्या धमनीत सुई खुपसायची गरज नाही. बिडी न ओढणाऱ्यांत ३-४ टक्क्यांच्या वर आकडा गेला की विषबाधा धरतात.

आमच्या भागातली खरी अडचण अंतराची. मोकळ्या हवेत हे प्रमाण ४-५ तासांत निम्मं होतं, ऑक्सिजनवर त्याहून फार लवकर. म्हणून मी ऑक्सिजन लावता लावताच हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत रक्त घेते, नळीवर वेळ लिहिते, मग गाडी काढायला सांगते. उशिरा घेतलेल्या रक्तात आकडा कमी आला तरी बाधा नव्हती असं मुळीच समजू नका.

त्या खोलीत नातवंडं निजली होती का? असतील तर त्यांनाही आजच दाखवा.