वाचकांचे प्रश्न : जेलीफिशची पिल्लं कुठे असतात?

प्रश्न : समुद्रात जेलीफिश एकाएकी झुंडीने येतात आणि तसेच नाहीसे होतात. एरवी ते कुठे असतात? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खडकाला, शिंपल्यांना, जेटीच्या खालच्या बाजूला चिकटलेले असतात, पण वेगळ्या रूपात. ऑरेलिया, म्हणजे मून जेलीफिश घ्या. त्याची फलित अंडी मादीच्या तोंडाभोवतीच्या झालरींत वाढतात. त्यांतून सुटलेल्या प्लॅन्युला अळ्या काही दिवस पोहतात आणि कठीण, सावलीतली जागा धरतात. तिथे अळीचा काही मिलिमीटर उंचीचा पॉलिप होतो: खाली देठ, वर तोंड, भोवती साधारण १६ शुंडकं, म्हणजे भक्ष्य पकडणारे धाग्यासारखे अवयव. पॉलिपला कळ्या फुटून नवे पॉलिप होतात आणि तो कित्येक वर्षं जगू शकतो. पाण्याचं तापमान बदललं, थंड प्रदेशात हिवाळा आला, की त्याच्या अंगावर आडव्या खाचा पडून बशांची चळत तयार होते. वरची बशी आधी सुटते. ही आठ हातांची एफिरा. वाढून तिचाच जेलीफिश होतो. असंख्य पॉलिप एकाच हंगामात एफिरा सोडतात, म्हणून झुंड अचानक आलेली दिसते. त्यामुळे किनाऱ्यावरचे जेलीफिश उचलून पुढची झुंड टळत नाही. पॉलिप पाण्याखाली शाबूत असतात.

जेलीफिशचा नातलग प्रवाळ मात्र जन्मभर पॉलिपच राहतो. आणि पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर येणारी ब्लू बॉटल हा खरा जेलीफिश नव्हेच, ती अनेक जीवांची वसाहत आहे. मेलेली दिसली तरी हात लावू नका, तिचे दंशकोश तेव्हाही डसतात.

प्रश्न : शाळेत मुलांना पॉलिप जिवंत दाखवता येईल का?

उत्तर : नक्की. तळ्यातला हायड्रा आणा. हा जेलीफिशचा गोड्या पाण्यातला नातलग, तोही जन्मभर पॉलिपच राहतो. मूठभर हायड्रिला (ही पाणवनस्पती) त्याच तळ्याच्या पाण्यासह एक लिटरच्या काचेच्या बरणीत घाला आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत रात्रभर ठेवा. सकाळी भिंगाने काच तपासा. पाच-दहा मिलिमीटरचा धागा ड्रॉपर लागताच आखडून ठिपका झाला, तर तो हायड्रा.

एक दिवसाआड डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक पिसवांसारखे जीव, खायला द्या, दोनेक तासांनी उरलेलं काढून तळ्याचंच गाळलेलं पाणी भरा. पोट भरत राहिलं तर काही दिवसांतच कळी दिसते. शुंडकं आखूड, गाठीसारखी झाली तर बहुधा पाणी खराब झालंय. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी, दोन्ही त्याला मारतात. प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. उन्हाळ्यात तापलेल्या बरणीत तो टिकत नाही.